काळी पिकायला, पांढरी राहायला



आजकाल जो तो रानात घर बांधायला निघालाय. गावठाणात जागा उरली नाही, वाटण्या झाल्या, ट्रॅक्टर लावायला अंगण नाही. घर हौसेनं होतं, आणि दोन-तीन पावसाळ्यांत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते. मग गवंड्याला शिव्या. कधी गवंडी चुकतोही, पण काळ्या रानात बरेचदा खरं भांडण असतं पायाचं आणि मातीचं. हे भांडण जुनं आहे आणि आपल्या वाडवडलांना ते चांगलं ठाऊक होतं.

मराठेशाहीच्या कागदपत्रांत गावाचे दोन भाग येतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाचं रान, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या 'गावगाडा' पुस्तकातही ही जोडी आहे. आपण ते नुसते शब्द समजतो. मला विचाराल तर त्यात माती परीक्षणाचा अहवालच आहे. पिकतं तिथं राहू नका, राहता तिथं पेरू नका.

पांढरी जागा बहुधा नदीकाठच्या उंचवट्यावर किंवा माळाच्या कडेला असते. तिथं चुनखडीची, गाळाची माती. वर शेकडो वर्षांची राख, शेण, पडक्या भिंतींची माती. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला खोदकाम केलं, तिथं तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरं सापडली. अशा जुन्या वस्तीच्या टेकाडाला आपण पांढरीचं टेकाड म्हणतो. तिथली माती लोकांनी माळवदावर टाकायला आणि रानात खत म्हणून गाड्या भरभरून नेली. माळवदावर हीच का, काळी का नाही? कारण काळी पावसात फुगते, उन्हात फाटते आणि फाटली की घर गळतं. जी माती डोक्यावर चालत नाही ती पायाखाली कशी चालेल?

आता काळीचा स्वभाव बघू. ती बेसाल्ट खडकापासून झालेली. तिच्यातल्या चिकणमातीच्या कणांचे अगदी बारीक पापुद्रे असतात, त्यांच्यामध्ये पाणी शिरलं की पापुद्रे लांब सरकतात, सुकलं की जवळ येतात. म्हणून पावसाळ्यात रान फुगतं आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेग पडते. त्या भेगेत वरची माती पडते, खालची वर येते. म्हणून जुने लोक म्हणायचे की काळी स्वतःच स्वतःला नांगरते. ओल धरून ठेवते म्हणूनच आपला कापूस, रब्बीची ज्वारी, हरभरा येतो. म्हणजे माती वाईट नाही. ज्या गुणानं ती पिकवते, त्याच गुणानं घर फाडते.

घर बांधलं की मधल्या भागावर ऊन-पाऊस लागत नाही, तिथली ओल टिकून राहते. कडेची माती मात्र दरवर्षी भिजते आणि सुकते. मध्य एका जागी आणि कोपरे खालीवर, म्हणून भिंत तिरपी फाटते. त्यातही हलकं घर आधी फाटतं, कारण फुगणारी माती त्याला सहज उचलते. एक मजली घरकुलाला, कुंपणाच्या भिंतीला, गोठ्याला धोका जास्त तो यामुळेच. ज्याच्याकडं पैसा कमी त्याचंच घर हलकं, हे दुखणं आहे.

जुने वाडे टिकले त्याची कारणं साधी होती. चर मुरूम किंवा खडक लागेपर्यंत नेत, वर दगडी जोतं घेत आणि भार लाकडी खांब-तुळयांवर असे. लाकूड थोडं हललं तरी तुटत नाही. पण जुनं ते सगळं सोनं असंही नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीच्या जाड भिंती आणि जड माळवदं माणसांवरच कोसळली. तेव्हा घ्यायचं ते जागा निवडण्याचं ज्ञान, भिंतीची पद्धत नाही.

स्वातंत्र्यानंतर वस्ती, शाळा, गोदामं, कालवे काळीवर उतरले तेव्हा इंजिनिअरांनाही हा प्रश्न आला. रुरकीच्या सेंट्रल बिल्डिंग रिसर्च इन्स्टिट्यूटनं १९५० च्या दशकात तळाशी फुगवटा असलेल्या काँक्रीटच्या खुंट्यांवर काम केलं. खुंटी साधारण साडेतीन मीटर, म्हणजे ११-१२ फूट खाली जाते. तिथं ओल वर्षभर फारशी बदलत नाही. खालचा फुगवटा खुंटीच्या जाडीच्या अडीचपट, त्यामुळं माती फुगली तरी खुंटी उपटत नाही. पुढं मुंबईच्या आयआयटीत प्रा. आर. के. कट्टी यांनी दुसरी वाट दाखवली. काळीवर न फुगणाऱ्या पण चिकटपणा असलेल्या मुरूम मातीचा साधारण मीटरभर थर दाबून बसवायचा. कर्नाटकातल्या मलप्रभा कालव्यावर ही पद्धत वापरली. नुसती वाळू भरली तर पाणी तिच्यात साठून खाली उतरतं आणि काळी उलट जास्त फुगते, हे लक्षात ठेवा.

घर बांधणाऱ्यांसाठी चार गोष्टी सांगतो.

१) आधी खड्डा घ्या. काळी किती फूट आहे आणि मुरूम कुठं लागतो ते बघा. स्वतःच्या रानात पाणी न धरणारा, पीक हलकं येणारा माळाचा तुकडा असेल तर घर तिथं. ती तुमची पांढरी.

२) माती तपासा. वाळवून बारीक चाळलेली १० ग्रॅम माती पाण्याच्या मोजपात्रात आणि तेवढीच रॉकेलच्या मोजपात्रात टाकून २४ तास ठेवतात. रॉकेलात माती फुगत नाही. पाण्यातली माती दुप्पट किंवा त्याहून जास्त भरली तर ती जास्त फुगणारी समजा आणि इंजिनिअरला विचारल्याशिवाय पाया खोदू नका.

३) घराभोवती चारपाच फुटांचा पक्का उतार करा. पन्हाळीचं आणि मोरीचं पाणी पायाजवळ मुरू देऊ नका.

४) लिंब, वड, पिंपळ भिंतीला खेटून लावू नका. मुळं उन्हाळ्यात ओल ओढतात आणि तेवढाच कोपरा खचतो.

पायात पुरलेला पैसा दिसत नाही, म्हणून आपण तिथं हात आखडतो आणि टाइल्सला मोकळा सोडतो. भेग मात्र टाइल्स बघून थांबत नाही.

तुमच्या गावची जुनी पांढरी कुठं आहे आणि नवी घरं कोणत्या मातीवर उभी राहिलीत, ते एकदा शिवारात फिरून बघा आणि आम्हालाही कळवा.