कॅसेटचं दुकान कशानं बंद पडलं?



मागच्या महिन्यात आमच्या केंद्रात बचत गटाच्या बायांची बैठक झाली. काम आटोपल्यावर गप्पा निघाल्या त्या जुन्या गाण्यांवर. तालुक्याच्या बसस्टँडजवळ पूर्वी कॅसेटची दोन-तीन दुकानं असायची. आज एकही नाही. ती कशानं गेली, यावर बैठकीत सरळ दोन तट पडले. एक तट म्हणाला, मोबाइलमध्ये गाणी भरून देणाऱ्यांनी दुकानं बुडवली, ही चोरीच आहे. दुसरा तट म्हणाला, चोरी कसली, आताची गाणीच विकत घेण्यासारखी नाहीत. पैसे टाकून कचरा कोण आणणार?

हाच वाद गेली पंचवीस वर्षं जगभर चालला आहे. मोठमोठ्या कंपन्या त्यासाठी कोर्टात गेल्या, प्राध्यापकांनी त्यावर अभ्यास केले. म्हणून आज आम्ही ठरवलं की आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडून या प्रश्नाकडे बघायचं. गाणं विकायची वस्तू कधी झालं, ते कुणी विकलं, कुणी उतरवून घेतलं, आणि शेवटी नुकसान कुणाचं झालं, हे ओळीनं पाहू.

सुरुवात एका बाईपासूनच होते. नोव्हेंबर १९०२ मध्ये कोलकात्यात गौहरजान यांचा आवाज ग्रामोफोन कंपनीनं तबकडीवर घेतला. व्यापारासाठी भारतात झालेल्या पहिल्या ध्वनिमुद्रणांपैकी ते होतं. तेव्हा तबकड्या जर्मनीत छापून आणत. १९०८ पासून त्या कोलकात्यातच तयार होऊ लागल्या. पुढे बालगंधर्वांची नाट्यगीतं, हिराबाई बडोदेकरांचं गाणं तबकड्यांवरून महाराष्ट्रभर गेलं. पण आपल्याकडे जंगलातल्या गावात तबकडी कितीशी पोचणार? फोनोची पेटी असली तर ती मालगुजाराच्या वाड्यात, नाहीतर शहरातल्या एखाद्या हॉटेलात. तबकडी महाग, पेटी त्याहून महाग, आणि पडली की तुटणारी. धान रोवणाऱ्या बाईला ती विकत घेणं शक्यच नव्हतं. तिचं गाणं तिच्या तोंडातच होतं: जात्यावर, रोवणीत, लग्नात. १९४८ साली नागपूरचं आकाशवाणी केंद्र सुरू झालं, तेव्हा कुठे दूरचा आवाज चावडीवर येऊ लागला.

म्हणजे पहिली गोष्ट ही, की रेकॉर्डची विक्री आपल्या भागात कुणी बुडवली असं म्हणता येत नाही. ती मुळात झालीच नाही.

खरा बदल केला कॅसेटनं. फिलिप्स कंपनीनं ती १९६३ साली आणली, पण आपल्या देशात तिचा जोर झाला तो १९८० नंतर. योगायोग पाहा, २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा झाला. पुढच्याच वर्षी गुलशन कुमार यांनी टी-सीरिज सुरू केली. त्याच सुमारास चंद्रपूरच्या दुर्गापूरला औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच चालू झाला. वीज इथं तयार व्हायची, पण जंगलातल्या कितीतरी गावांत खांबही पोचले नव्हते. कॅसेटला मात्र विजेची वाट बघावी लागली नाही. टू-इन-वनमध्ये सेल टाकले की काम झालं. लग्नात आहेर म्हणून टू-इन-वन द्यायचे ते दिवस आपल्यापैकी पुष्कळ जणींना आठवत असतील.

आता चोरीची गोष्ट. मोबाइल येण्याच्या कितीतरी आधी कॅसेटची चोरी जोरात होती. तबकडीची नक्कल करायला कारखाना लागत होता. कॅसेटची नक्कल करायला दोन टेपरेकॉर्डर पुरत. गल्लोगल्ली दुकानदार कोऱ्या कॅसेटवर आपल्या पसंतीची गाणी भरून देत. त्यात कंपनीला, गायकाला, गीतकाराला एक पैसाही जात नसे. हे इतकं वाढलं की १९८४ साली सरकारनं कॉपीराइटचा कायदा कडक केला. कमीत कमी सहा महिने आणि जास्तीत जास्त तीन वर्षं कैद, शिवाय पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड.

तरी याच काळात कॅसेटचा धंदा पडला नाही, वाढला. एरवी चोरी वाढली की धंदा बसायला हवा. तो का बसला नाही? कारण आधी सगळा बाजार एकाच मोठ्या कंपनीच्या हातात होता. ती ठरवेल तीच गाणी आणि ती ठरवेल तोच भाव. स्वस्त कॅसेटनं हे मोडलं. टी-सीरिजनं भाव पाडला आणि कॅसेट पानठेल्यावर, किराणा दुकानात ठेवली. १९५७ च्या कायद्यात अशीही एक सोय होती की मूळ गाणं निघाल्यावर दोन वर्षांनी, कळवून आणि ठरलेली रक्कम भरून, दुसऱ्या गायकाकडून ते पुन्हा गाऊन घेता येई. त्या सोयीवर जुन्या गाण्यांच्या ढीगभर कॅसेट नव्या आवाजांत निघाल्या. लोकांना भाव परवडू लागला आणि नक्कल घेण्याची गरज कमी झाली.

याहून मोठी गोष्ट म्हणजे, ज्यांना तबकडीवर फारशी जागा मिळाली नव्हती त्यांची गाणी विकायला आली. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, आनंद आणि मिलिंद शिंदे यांचे आवाज गावागावांत गेले. आनंद शिंद्यांच्या पोपटाच्या गाण्याशिवाय तर त्या काळी वरात हलत नसे. आपल्या चंद्रपूरचं पाहा. बाबासाहेबांनी नागपूरनंतर १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चंद्रपुरात दीक्षा दिली. दरवर्षी त्या दिवसांत दीक्षाभूमीवर मेळा भरतो. पुस्तकांच्या शेजारी भीमगीतांच्या कॅसेटचे स्टॉल लागायचे, आणि माणसं भाकरीतले पैसे वाचवून त्या नेत. चैत्रातल्या महाकालीच्या यात्रेत देवीची गाणी खपत. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरीवरची भजनं ज्या चिमूरनं १९४२ साली प्रत्यक्ष ऐकली, तिथं ती पुढे कॅसेटवरून वाजू लागली. यातलं बरंचसं गाणं मोठ्या कंपनीला पूर्वी "चालणार नाही" असं वाटलं असतं.

आता दुसऱ्या तटाचं म्हणणं घेऊ. वाईट गाणी, म्हणून विक्री घटली. "वाईट" या शब्दात दोन गोष्टी आहेत, त्या वेगळ्या करू. एक, आवाजाचा दर्जा. स्वस्त कॅसेटची फीत पातळ असायची, घरघर यायची, महिनाभरात फीत गुंतायची आणि आपण पेन्सिल घालून ती फिरवत बसायचो. पण तीच कॅसेट लाखांनी खपली. मोबाइलमध्ये भरलेल्या गाण्याचा आवाज चांगल्या सीडीपेक्षा वाईटच होता, तरी लोकांनी सीडी सोडून तेच घेतलं. तेव्हा खराब आवाजामुळे विक्री पडली, हे काही पटत नाही. लोकांना चांगला आवाज आवडतो, पण हाताशी असलेलं गाणं त्याहून जास्त आवडतं.

दोन, गाण्याचा दर्जा. "आताची गाणी म्हणजे धांगडधिंगा" ही तक्रार कॅसेट आल्यावरही झाली होती. आमच्या आज्यांनी ती सिनेमाच्या गाण्यांबद्दल केली होती. प्रत्येक पिढी ती करते. शिवाय गाणी खरंच टाकाऊ असती तर लोकांनी ती फुकटसुद्धा भरून घेतली नसती. मात्र या म्हणण्यात एक खरा दाणा आहे. कॅसेटमध्ये एक गाणं चांगलं आणि सात भरतीची असली तरी पैसे आठांचे द्यावे लागत. फाइल आली आणि ते एकच गाणं काढून घेता येऊ लागलं. भरतीच्या गाण्यांवर चालणारा धंदा तिथं उघडा पडला.

फाइल आली कशी, तेही थोडक्यात सांगतो. १९९० नंतरच्या दशकात गाणं लहान फाइलमध्ये बसवायची एमपी३ ही पद्धत निघाली. १९९९ मध्ये अमेरिकेत नॅपस्टर सुरू झालं. लोक इंटरनेटवरून एकमेकांच्या संगणकातली गाणी घेऊ लागले. कंपन्या कोर्टात गेल्या आणि २००१ मध्ये ते बंद पाडलं. पण १९९९ पासून २०१४ पर्यंत जगातल्या ध्वनिमुद्रित संगीताचं उत्पन्न सुमारे ४० टक्क्यांनी घसरलं. दोष सगळा फाइल वाटण्याचाच का? ओबरहोल्झर-गी आणि स्ट्रम्फ या दोन अभ्यासकांनी २००७ मध्ये मांडलं की परिणाम जवळजवळ शून्य आहे. फुकट घेणाऱ्यांतले बहुतेक जण विकत घेणारे नव्हतेच. इतर अनेक अभ्यासकांनी ते खोडून काढलं आणि नुकसान झालं असं दाखवलं. पुढे महिन्याचे पैसे भरून किंवा जाहिराती ऐकून गाणी ऐकायची सोय झाली, तेव्हा उत्पन्न पुन्हा चढू लागलं. याचा अर्थ, सोयीचं आणि परवडणारं काही मिळालं की पुष्कळ लोक सरळ मार्गाला येतात. कॅसेटचा भाव पडला तेव्हाही हेच झालं होतं.

आपल्याकडे गाणं इंटरनेटवरून आलंच नाही. नेटवर्कच नव्हतं. मोबाइल रिचार्जच्या दुकानात दहा-वीस रुपये देऊन मेमरी कार्ड भरून आणायचं. मग बाजारात, एसटीत, तेंदूपत्त्याच्या फळीवर ते ब्लूटूथनं एका फोनातून दुसऱ्या फोनात जायचं. कॅसेटचं दुकान यानंच बंद पडलं, हे आम्ही मान्य करतो. पहिल्या तटाचं एवढं म्हणणं खरं आहे.

पण याच मार्गानं आणखी काय आलं, तेही पाहा. सिरोंच्याकडे तेलुगू गाणी, कोरचीकडे छत्तीसगढी गाणी, आणि एटापल्ली-भामरागडकडे गोंडी आणि माडिया गाणी फिरू लागली. ढोलाच्या तालावरचं रेला कधी कुठल्या दुकानात विकत मिळालं होतं? शेजारच्या छत्तीसगडमध्ये २०१० साली शुभ्रांशु चौधरी आणि त्यांच्या साथीदारांनी सीजीनेट स्वर सुरू केलं. फोन करायचा आणि आपल्या भाषेत आपलं गाऱ्हाणं किंवा गाणं नोंदवायचं. नेटवर्क नसलेल्या गावांत ते ब्लूटूथनं पोचवायचं, म्हणून त्याला नाव पडलं बुल्टू रेडिओ. जी फाइल एकीकडे चोरी म्हणवली गेली, तीच दुसरीकडे ज्यांना आवाज नव्हता त्यांचा रेडिओ झाली.

आणखी एक पुरावा आपल्या अंगणातला आहे, तो म्हणजे झाडीपट्टीचं नाटक. वडसा-देसाईगंजला पन्नासच्या आसपास नाटक कंपन्या आहेत. दिवाळीनंतर मंडई भरते, दिवसा शंकरपट, रात्री नाटक, लेकी माहेरी येतात आणि पहाटेपर्यंत शामियाना भरलेला असतो. सिनेमा आला, टीव्ही आला, सीडी आली, मोबाइल आला, तरी माणसं तिकीट काढतात. २०२३ साली झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा सगळ्या झाडीपट्टीनं ती आपली मानली. नाटकांत हल्ली फिल्मी नाच वाढले अशी कुरकुर होते, आणि ती करणारेही तिकीट काढून येतात. समोर बसून ऐकायचं गाणं कुणाला कार्डात भरून नेता येत नाही, म्हणून त्याचा भाव टिकला.

मग नुकसान झालं कुणाचं? दुकानदाराचं झालं, त्यानं दुसरा धंदा धरला. कंपन्यांचं झालं, त्या सावरल्या. पण गाणारीचं काय? आम्ही आपल्या भागातल्या काही गायिकांशी बोललो. सगळ्यांचं सांगणं एकच होतं. कॅसेट निघाली तेव्हा हातात एकरकमी पैसे पडले, कुणाला तर नुसती साडी आणि जाण्यायेण्याचं भाडं. कागदावर काय लिहिलं आहे ते कुणी वाचून दाखवलं नाही. पुढे कॅसेट कितीही खपली तरी तिला काही मिळणार नव्हतं. मग ती चोरून खपली काय आणि सरळ खपली काय, तिच्या लेखी फरक कुठे पडला? लता मंगेशकरांनी १९६० नंतरच्या दशकात गायकांना रॉयल्टी मिळावी म्हणून भांडण मांडलं, तेव्हा त्यांच्यासारखीलाही ते सोपं गेलं नाही. तर आपल्या गावची गाणारी काय भांडणार?

कायदा हळूहळू बदलला. १९९४ मध्ये गाणाऱ्याचा, वाजवणाऱ्याचा स्वतःचा हक्क कायद्यात आला. २०१२ च्या दुरुस्तीनं गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा वाटा पक्का केला, आणि गाणं व्यापारासाठी वापरलं तर गाणाऱ्यालाही रॉयल्टी मागता येते असं सांगितलं. आपल्या कामाचा मुद्दा हा: पारंपरिक गाण्यावर कुणा एकाची मालकी नसते, पण ते गाणाऱ्या बाईचा तिच्या त्या गायनावर हक्क असतो. तिला न विचारता तिचं रेकॉर्डिंग कुणी विकू लागला, तर ती जाब विचारू शकते.

म्हणून बैठकीतल्या दोन्ही तटांना आमचं उत्तर असं. दुकान बुडालं ते फाइलमुळे, वाईट गाण्यांमुळे नव्हे. पण दुकान बुडालं म्हणून गाणं बुडालं नाही. आणि गाणारीचा तोटा मोबाइल येण्याच्या आधी, त्या न वाचलेल्या कागदावरच झाला होता.

आम्ही आमच्या केंद्रात आता एक नेम केला आहे. रेकॉर्डिंगच्या आधी गाणाऱ्या बाईचं आणि तिच्या गावाचं नाव तिच्याच आवाजात घ्यायचं. रेकॉर्डिंग कुठे वाजेल ते तिला तिच्या भाषेत सांगायचं. एक प्रत तिला द्यायची. आणि ती नाही म्हणाली तर ते वाजवायचं नाही.

तुमच्या फोनात गावातल्या एखाद्या मावशीचं गाणं असेल, तर पुढे पाठवण्याआधी त्यासोबत तिचं नाव घाला. आणि कुणी तुम्हाला गायला बोलावलं, तर आधी कागद मागा, घरातल्या शिकलेल्या पोरीकडून वाचून घ्या, मगच अंगठा किंवा सही करा.

पुढच्या भागात भेटू. नमस्कार.