चेंडूची मजुरी : पालवणकर बाळू

फणसवाडींतून ठाकुरद्वारच्या बाजूनें पश्चिमेस गेलें व रेल्वेचे रूळ ओलांडले, म्हणजे समुद्रकांठीं जिमखान्यांचीं मैदानें लागतात. हिंदु, इस्लाम, पारशी हीं त्यांचीं नांवेंच मुंबईच्या क्रिकेटचा जुना इतिहास सांगतात. त्या काळीं संघ धर्मावर बांधलेले असत, आणि त्यांच्या झुंजी पाहण्यास सारें शहर लोटे. त्यांपैकीं हिंदु संघाचें मोठें बळ ज्यांच्या डाव्या हातांत होतें, ते पालवणकर बाळू मात्र अस्पृश्य मानलेल्या चांभार जातींत जन्मले होते.

खेळावर पोट भरणारा मनुष्य आज श्रीमंत होऊं शकतो. पूर्वीं त्यास कमी लेखीत. इंग्लंडांत हौसेनें खेळणारे ते ‘जेंटलमन’ आणि वेतन घेणारे ते ‘प्लेअर’, हा भेद क्रिकेटमध्यें १९६२ पर्यंत टिकला. रग्बी युनियनमध्यें तर १९९५ पर्यंत खेळाडूनें वेतन घेणेंच निषिद्ध होतें. फलंदाजी ही सरदाराची ऐट आणि गोलंदाजी ही मजुराची मेहनत, असा एकंदर समज असे. हा समज साहेबाबरोबर हिंदुस्थानांत आला, आणि येथील जातिभेदाशीं त्याची सोयरीक सहज जुळली.

बाळूंचा जन्म १८७६ सालीं धारवाडास झाला. वडील पुण्यास लष्करी खात्यांत नोकरीस होते. बाळू पोरवयांतच एका पारशी क्लबाच्या मैदानावर झाडलोटीच्या कामास लागले. पगार दरमहा तीन रुपये. पुढें युरोपियनांच्या क्लबांत त्यांस चार रुपये मिळूं लागले. खेळपट्टीवर रूळ फिरविणें, जाळ्या उभारणें, टेनिसचीं मैदानें आंखणें, हें त्यांचें काम. तेथील नामांकित फलंदाज ग्रेगसाहेब त्यांच्याकडून गोलंदाजी करवून घेऊन सराव करीत. आपणांस बाद केल्यास साहेब दर वेळीं आठ आणे देत, अशी आख्यायिका आहे. रोज हजारों चेंडू टाकून बाळूंचा हात तयार झाला. परंतु बॅट त्यांच्या हातीं कोणीं दिली नाहीं.

पुण्याच्या हिंदु क्लबास युरोपियनांवर जय मिळवावयाचा होता, आणि त्यांस बाद करणारा गोलंदाज तर शिवूं नये अशा जातीचा. अखेर जिंकण्याच्या इच्छेनें सोंवळ्यावर मात केली, पण ती मैदानापुरतीच. एकच चेंडू सर्वांच्या हातीं फिरे. चहाची वेळ झाली कीं बाळूंचा चहा मात्र मंडपाबाहेर मातीच्या भांड्यांत येई, आणि जेवणाचें पानहि वेगळें मांडलें जाई.

प्लेगच्या दिवसांत हें कुटुंब मुंबईस आलें. परमानंददास जीवनदास हिंदु जिमखान्यांतहि प्रथम कांहीं सभासदांनीं विरोध केला. परंतु कप्तान कीर्तिकर यांच्या आग्रहानें बाळूंस प्रवेश मिळाला. चरितार्थासाठीं त्यांनीं बी. बी. सी. आय. रेल्वेंत नोकरी धरली आणि तिच्या संघातर्फेंहि ते खेळूं लागले. १९०६ च्या फेब्रुवारींत बाँबे जिमखान्याच्या मैदानावर हिंदूंचा युरोपियनांशीं सामना झाला. हिंदूंनीं २४२ व १६० धावा केल्या; युरोपियनांचे डाव १९१ व १०२ धावांत आटोपले. १०९ धावांनीं मिळविलेल्या या विजयांत बाळूंनीं दोन डावांत मिळून आठ बळी घेतले होते. ज्याच्या हातचें पाणी चालत नव्हतें, त्यानें मिळविलेला जय सर्वांनीं आपला म्हणून मिरविला.

१९११ सालीं पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखालीं हिंदी संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला. पण पस्तिशींतल्या बाळूंनीं ११४ बळी मिळविले, तेहि दर बळीमागें १९ हून कमी धावा देऊन. परत आल्यावर मुंबईंतील दलित समाजानें त्यांचा सत्कार केला. तरुण भीमराव आंबेडकरांसहि त्यांच्या कर्तृत्वाचा अभिमान वाटे.

एवढें झाल्यावर हिंदु संघाचें कप्तानपद त्यांस मिळणें न्यायाचें होतें. तें मिळालें नाहीं. १९१३ सालीं कप्तान झालेल्या पै यांनीं आपल्याच सत्कारसभेंत, हा मान ज्येष्ठ खेळाडू म्हणून बाळूंस मिळावयास हवा होता, असें मोकळेपणानें सांगितलें. गोलंदाजाचे श्रम विकत मिळत. परंतु कप्तान म्हणजे आज्ञा देणारा, आणि त्याची आज्ञा उच्चवर्णीयांस पाळावी लागते. खरी अडचण ही होती. १९२० सालीं बाळूंस संघांतून वगळण्यांत आलें, तेव्हां शिवराम व विठ्ठल या त्यांच्या धाकट्या भावांनीं निषेध म्हणून अंग काढून घेतलें. अंतिम सामन्यासाठीं तिघेहि परत आले, आणि बाळू उपकप्तान झाले. १९२३ सालीं विठ्ठल कप्तान झाले. त्यांच्या हाताखालीं हिंदूंनीं युरोपियनांस हरविलें, तेव्हां लोकांनीं त्यांस खांद्यावर उचलून घेतलें. विठ्ठलांनीं आपल्या आठवणी ‘माझें क्रीडा-जीवन’ या १९४८ सालीं प्रसिद्ध झालेल्या पुस्तकांत लिहून ठेवल्या आहेत.

पुढें बाळू राजकारणांत शिरले. १९३७ सालीं भायखळा-परळ विभागांतून काँग्रेसतर्फें ते डॉ. आंबेडकरांच्याच विरुद्ध उभे राहिले. आंबेडकरांस १३,२४५ आणि बाळूंस ११,२२५ मतें पडलीं. सामाजिक न्यायाच्या दोन वाटा त्या मतपेटींत समोरासमोर आल्या होत्या. १९५५ च्या जुलै महिन्यांत बाळू निवर्तले.

प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत १७९ बळी, हा त्यांच्या नांवावरचा हिशेब आहे. तीन रुपयांपासून चढत गेलेली मजुरी त्यांनीं चोख कमावली. कप्तानपदाचें जें देणें समाजाकडे राहिलें, तें त्यांच्या हयातींत भावाच्या हातीं पोंचलें. त्यांच्या स्वतःच्या हातीं कधींच पोंचलें नाहीं.