व्हेक्टरमध्ये खरा वाटणारा काचेचा ग्लास कसा काढायचा?

व्हेक्टर ड्रॉइंग शिकताना सफरचंद जमतं, मोबाईल जमतो, स्कूटरही जमते. काचेच्या ग्लासपाशी मात्र गाडी अडते. बहुतेक जण ग्लासचा आकार काढतात, त्यात फिकट निळा रंग भरतात आणि ओपॅसिटी ३० टक्क्यांवर आणून ठेवतात. मग तो ग्लास प्लॅस्टिकच्या पिशवीसारखा दिसतो.

कारण सोपं आहे. साध्या काचेला स्वतःचा रंग जवळजवळ नसतोच. ग्लासकडे बघताना आपल्याला तीन गोष्टी दिसतात: मागचं दृश्य, कडांचा गडद किंवा उजळपणा आणि आजूबाजूच्या उजेडाचं प्रतिबिंब. आपल्याला या तीनच गोष्टी काढायच्या आहेत.

उदाहरणासाठी आपण इंकस्केप घेऊ. ते मोफत आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. इलस्ट्रेटरमध्ये किंवा फोनवरच्या एखाद्या व्हेक्टर अ‍ॅपमध्येही लेयर, ग्रेडियंट आणि क्लिप या सोयी असतील तर हीच पद्धत वापरता येईल.

आधी थोडं विज्ञान

शाळेत शिकलेला अपवर्तनांक आठवतोय? हवेचा साधारण १, पाण्याचा १.३३ आणि साध्या काचेचा १.५ च्या आसपास. आपल्या चित्राचं बरंचसं उत्तर या तीन आकड्यांत आहे.

प्रकाश काचेवर सरळ समोरून पडला तर एका पृष्ठभागावरून त्याचा फक्त ४ टक्के भाग परत फिरतो. तोच प्रकाश ६० अंशांनी तिरका आला तर सुमारे ९ टक्के आणि ८० अंशांनी आला तर सुमारे ३९ टक्के परत फिरतो. गोल ग्लासचा मधला भाग आपल्याकडे तोंड करून असतो आणि डाव्या-उजव्या कडा खूप तिरक्या असतात. म्हणून मध्य आरपार दिसतो आणि कडा ठळक दिसतात. सगळीकडे एकच ओपॅसिटी ठेवली की हा फरकच मारला जातो.

काचेच्या वस्तूंचे फोटो काढणारे फोटोग्राफर एक नियम पाळतात: मागचा भाग उजळ असेल तर कडा गडद येतात, मागचा भाग काळा असेल तर कडा उजळ येतात. चित्र सुरू करायच्या आधी यातलं एक ठरवून टाका. आपण उजळ पार्श्वभूमी घेऊ.

पायरी १: मागचं दृश्य

६०० × ८०० पिक्सेलचा कॅनव्हास घ्या. खाली टेबल, वर भिंत. भिंतीचा डावा अर्धा भाग फिकट पिवळा आणि उजवा अर्धा फिकट निळा करा. कोऱ्या पांढऱ्या पानावर ग्लास काढू नका, कारण मागे काहीच नसेल तर काच दाखवणार काय? हे सगळं ग्रुप करून सगळ्यात खालच्या लेयरवर ठेवा.

पायरी २: ग्लासचा सांगाडा

सुरुवातीला सरळ उभा ग्लास घ्या, उंची ४०० पिक्सेल, कॅनव्हासच्या बरोबर मधोमध. चार लंबवर्तुळं लागतील:

- वरची बाहेरची कड: २४० × ४८
- पाण्याची पातळी: २२८ × ५४
- आतला तळ: २२८ × ६२
- बाहेरचा तळ: २४० × ६८

खाली येताना लंबवर्तुळ जास्त गोल होत गेलंय, हे लक्षात घ्या. आपण ग्लासकडे थोडं वरून बघतो, त्यामुळे तळ वरच्या कडेपेक्षा जास्त उघडा दिसतो. चारही आकार सारखेच चपटे ठेवले तर ग्लास पुठ्ठ्याचा वाटतो. वरच्या कडेच्या आत आणखी एक थोडं लहान लंबवर्तुळ काढा. त्यातून काचेची जाडी कळते. दोन तळांमध्ये ३० पिक्सेलचं अंतर ठेवा, कारण ग्लासचा बूड जाडच असतो.

पायरी ३: पाणी

पाण्याच्या वरच्या रिकाम्या भागात काच पातळ असते, म्हणून मागचं दृश्य जवळजवळ जसंच्या तसं दिसतं. तिथे काही करायचं नाही. पाणी भरलेला भाग मात्र भिंगासारखा वागतो. मागची वस्तू पुरेशी दूर असेल, म्हणजे ग्लासच्या मागच्या बाजूपासून साधारण अर्ध्या व्यासापेक्षा लांब, तर ती पाण्यात डावी-उजवीकडे उलटी दिसते. वरची बाजू वरच राहते.

इंकस्केपमध्ये हे असं करा:

१. मागच्या दृश्याचा ग्रुप निवडून कंट्रोल + डी दाबा. कॉपी तयार होईल.
२. एच दाबा. कॉपी आडवी उलटेल.
३. उंची तशीच ठेवून कॉपीची रुंदी निम्मी करा आणि ती मधोमध आणा.
४. पाण्याचा आकार तिच्या वर ठेवा, दोन्ही निवडा आणि ऑब्जेक्ट मेनूमधून क्लिप लावा.

आता भिंत डावीकडे पिवळी आहे, पण पाण्यात डावीकडे निळा दिसतो. या एका पायरीने चित्र एकदम बदलतं, आणि नवीन लोक नेमकी हीच पायरी सोडतात.

ग्लासात स्ट्रॉ असेल तर ती उलटत नाही, कारण ती पाण्याच्या आतच आहे. मधोमध ठेवलेली स्ट्रॉ पाण्यात साधारण १.३३ पट जाड दिसते. ती एका बाजूला असेल तर पाण्यात आणखी बाहेर सरकल्यासारखी दिसते, म्हणून पातळीच्या रेषेवर तुटल्यासारखी वाटते.

पायरी ४: कडा

ग्लासच्या पूर्ण आकारावर डावीकडून उजवीकडे जाणारा सरळ ग्रेडियंट टाका. रंग गडद करडा, आणि ओपॅसिटी अशी:

- अगदी कडेला ६५ टक्के
- ४ टक्के आत आल्यावर १५ टक्के
- १२ टक्के आत आल्यावर शून्य

उजव्या बाजूला हेच उलट क्रमाने. मधला भाग पूर्ण मोकळा राहायला हवा. साध्या काचेत थोडं लोह असतं, म्हणून ती जाड असते तिथे हिरवट दिसते. बुडाच्या पट्ट्यात अगदी किंचित हिरवी छटा द्या.

पायरी ५: चकाकी

चकाकी म्हणजे खिडकीचं किंवा दिव्याचं प्रतिबिंब. काच गुळगुळीत असते, त्यामुळे तिच्यातलं प्रतिबिंब धारदार कडांचं असतं. इथे ब्लर केलात की काचेचं प्लॅस्टिक झालंच समजा. डाव्या कडेपासून २० पिक्सेल आत १४ पिक्सेल रुंदीचा उभा पांढरा पट्टा काढा, ओपॅसिटी ९० टक्के. मधे खिडकीच्या चौकटीसारखी एक आडवी फट ठेवा.

उजवीकडे आतल्या भिंतीवर दुसरा फिकट पट्टा काढा, ओपॅसिटी २५ टक्के. बाहेरचा पट्टा वरपासून खालपर्यंत सलग जातो, पण आतला पट्टा पाण्याच्या पातळीवर थांबवा. काच आणि पाणी यांचे अपवर्तनांक जवळजवळ असल्यामुळे तिथून अर्धा टक्कासुद्धा प्रकाश परत फिरत नाही. ही बारीक गोष्ट फार कमी लोक पाळतात, आणि बघणाऱ्याला कारण कळलं नाही तरी फरक जाणवतो.

पायरी ६: सावली

उजेड डावीकडून येत असेल तर सावली उजवीकडे पडेल. काचेची सावली सपाट काळी नसते. पाण्यातून गेलेला प्रकाश एकवटतो, म्हणून सावलीच्या आत एक उजळ ठिपका पडतो, कधीकधी टेबलापेक्षाही उजळ. करड्या सावलीवर पांढरा गोल ग्रेडियंट टाका, मधे ७० टक्के आणि बाहेर शून्य.

फोनवर फाइल बिघडू नये म्हणून

चित्र लॅपटॉपवर मस्त दिसतं आणि अ‍ॅपमध्ये टाकलं की सावली गायब, चकाकी गायब! असं का होतं? अँड्रॉइडच्या व्हेक्टर ड्रॉएबलमध्ये ब्लरसारखे एसव्हीजी फिल्टर चालत नाहीत. सरळ आणि गोल ग्रेडियंट चालतात, तेही अँड्रॉइड ७.० पासून पुढे. इंकस्केपमधला मेश ग्रेडियंट ब्राउझर स्वतःहून दाखवत नाहीत. शिवाय ब्राउझरमध्ये ब्लरचा हिशोब फोनला करावा लागतो, त्यामुळे साध्या फोनवर पान अडखळू शकतं.

म्हणूनच वरच्या सगळ्या पायऱ्यांत फक्त सरळ ग्रेडियंट, गोल ग्रेडियंट आणि क्लिप वापरलं आहे. मऊ कड हवी असेल तिथे शून्य ओपॅसिटीपर्यंत जाणारा ग्रेडियंट वापरा, ब्लरची गरजच पडत नाही.

जमलं की नाही, कसं ओळखाल?

मागच्या दृश्याचा लेयर आणि पाण्यातली कॉपी काही क्षण लपवा. आता फक्त कडा, चकाकी आणि सावली उरली पाहिजे, ग्लास जवळपास नाहीसा झाला पाहिजे. तो अजूनही ठसठशीत दिसत असेल, तर तुम्ही काचेत नको तितका रंग भरलाय. तो काढून टाका.

सरळ ग्लास जमला की बाटली घ्या, मग चष्मा, मग लोणच्याची बरणी. काढायच्या आधी खरी वस्तू खिडकीपाशी ठेवून मोबाईलवर एक फोटो घ्या आणि तो झूम करून बघा. कडा कुठे गडद आहेत, चकाकी कुठे थांबते, मागचं काय उलटलंय, हे सगळं फोटोत सापडेल.