बेवारस धनाचा धनी

माणूस जातो आणि त्याचे धन मागे राहते. वारस नसेल, तर ते कोणाचे? या प्रश्नाला भारतात वेळोवेळी मिळालेली उत्तरे पाहिली, म्हणजे राजसत्तेची खरी पारख होते.

कालिदासाच्या ‘शाकुंतला’च्या सहाव्या अंकात धनमित्र नावाचा सागरी व्यापारी नौका फुटून मरण पावतो. तो निपुत्रिक, म्हणून त्याचे धन राजाचे झाले, असे अमात्य लिहून कळवितो. दुष्यंत मात्र विचारतो, त्याच्या स्त्रियांपैकी कोणी गर्भवती आहे काय? तशी एक आहे असे कळताच, तो गर्भच पित्याच्या धनाचा अधिकारी, असा निवाडा तो देतो. निवाडा उदार खरा. परंतु विधवेला तेथे स्वतःचा हक्क नाही.

तो हक्क याज्ञवल्क्याने सांगितला होता. कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात ‘मिताक्षरा’ लिहिणाऱ्या विज्ञानेश्वराने त्याचा अर्थ स्पष्ट केला: विभक्त होऊन निपुत्रिक मेलेल्याचे धन प्रथम त्याच्या पत्नीकडे जावे. पण शास्त्र एक सांगते आणि खजिना दुसरेच ऐकतो. गुजरातेत निपुत्रिकाचे धन राजा घेत असे. बाराव्या शतकात कुमारपालाने हे उत्पन्न सोडून दिले, म्हणून त्याची कीर्ती झाली. पुढे डलहौसीने हाच न्याय राज्यांना लावला. दत्तकाचा वारसा नाकारून 1848 साली सातारा खालसा झाले. औरस पुत्र नाही म्हणून 1854 साली नागपूर गेले.

1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने पत्नी, कन्या व माता यांना पुत्राच्या पंक्तीत बसविले. कोणीच वारस नसेल तर मालमत्ता शासनाकडे जाते. परंतु वारसावर जी देणी व जबाबदाऱ्या पडल्या असत्या, त्या सर्वांसह.

हरवलेल्या धन्याचे धन राजाने तीन वर्षे जपावे, मग घ्यावे, असे मनूने सांगितले होते. 2014 च्या योजनेनुसार दहा वर्षे कोणी न मागितलेल्या बँकठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात. तरीही ठेवीदार किंवा त्याचा वारस आपल्या बँकेकडे त्यानंतरही मागणी करू शकतो. धनी होण्याचा हक्क राजाने प्राचीन काळापासून सांगितला. राखणदार होण्याचे कर्तव्य मात्र सत्तेला फार सावकाश उमगले.