ब्रेस्ट कॅन्सरचा धोका: घराण्यातून आलेला किती, वजनामुळे वाढलेला किती?

‘आमच्या घरात कुणालाच नाही, मग मला कसा होईल?’ किंवा ‘आईला झाला होता, म्हणजे मलाही होणारच.’ ब्रेस्ट कॅन्सरचा विषय निघाला की ही दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. दोन्ही चुकीची आहेत.

आनुवंशिक कॅन्सर किती जणींना होतो?

ब्रेस्ट कॅन्सर झालेल्या १०० पैकी साधारण ५ ते १० जणींमध्येच त्याचं मूळ आनुवंशिक दोषात असतं. यातली सर्वांत परिचित जनुकं म्हणजे बीआरसीए १ आणि बीआरसीए २. ही जनुकं सगळ्यांकडेच असतात. बिघडलेला डीएनए दुरुस्त करायला ती मदत करतात. त्यांच्यातच दोष असेल, तर ही दुरुस्ती नीट होत नाही. असा दोष असलेल्या ६० टक्क्यांहून जास्त स्त्रियांना आयुष्यात कधीतरी ब्रेस्ट कॅन्सर होतो.

हा दोष वडिलांकडूनही येऊ शकतो. आई किंवा वडिलांमध्ये तो असेल, तर प्रत्येक अपत्याला मिळण्याची शक्यता ५० टक्के असते. त्यामुळे डॉक्टरांना फक्त आई-मावशीचा नाही, तर आत्या आणि वडिलांच्या आईचाही आजार सांगा.

वजनाचा संबंध कुठे येतो?

पाळी कायमची थांबल्यावर अंडाशयातून इस्ट्रोजेन तयार होणं जवळपास बंद होतं. पण शरीरातली चरबी ते तयार करतच राहते. चरबी जास्त, तर इस्ट्रोजेनही जास्त. अनेक प्रकारचे ब्रेस्ट कॅन्सर याच हार्मोनवर वाढतात. म्हणून पाळी थांबल्यानंतर लठ्ठ स्त्रियांमध्ये धोका वाढतो.

पाळी सुरू असतानाचं चित्र वेगळं आहे. त्या वयात वजन जास्त असलेल्या स्त्रियांमध्ये धोका थोडा कमीच आढळतो. पण म्हणून वजन वाढू देणं फायद्याचं नाही. तरुणपणी वाढलेलं वजन पुढे सहसा उतरत नाही, आणि त्याची किंमत पाळी थांबल्यावर मोजावी लागते.

जनुकात दोष असेल, तर वजनाने काय फरक पडणार?

अमेरिकी शास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग यांनी न्यूयॉर्क परिसरातल्या अश्केनाझी ज्यू स्त्रियांचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध केला. बीआरसीए दोष असलेल्या आणि १९४० पूर्वी जन्मलेल्या स्त्रियांमध्ये पन्नाशीपर्यंत ब्रेस्ट कॅन्सर होण्याचा धोका २४ टक्के होता. १९४० नंतर जन्मलेल्यांमध्ये तो ६७ टक्के निघाला.

दोष तेच, मग एवढा फरक का? यामागे जनुकांपलीकडचंही काहीतरी असणार. याच अभ्यासात किशोरवयात व्यायाम करणाऱ्या आणि लठ्ठ नसलेल्या स्त्रियांना कॅन्सर उशिरा झाल्याचं दिसलं. उशिरा झाला, टळला नाही. म्हणजे सडपातळ असलात, तरी घरचा इतिहास विसरून चालणार नाही.

मग करायचं काय?

जवळच्या नात्यात कुणाला पन्नाशीच्या आत ब्रेस्ट कॅन्सर, कोणत्याही वयात अंडाशयाचा कॅन्सर किंवा एखाद्या पुरुषाला ब्रेस्ट कॅन्सर झाला असेल, तर जनुकीय समुपदेशकाला किंवा कॅन्सरतज्ज्ञाला भेटा. गरज असेल तर रक्ताची किंवा लाळेची चाचणी होते. शक्यतो ज्यांना कॅन्सर झाला आहे, त्यांची चाचणी आधी करतात. दोष सापडला, तर पंचविशीपासूनच नियमित एमआरआय सुरू करण्याचा सल्ला दिला जातो.

आणि स्तनात किंवा काखेत गाठ लागली, स्तनाग्रातून रक्त आलं किंवा त्वचा ओढल्यासारखी दिसली, तर वजन आणि घराणं, दोन्हीचा हिशेब बाजूला ठेवून थेट डॉक्टरांकडे जा.