कवटीचा चेहरा आणि आपला राक्षस

बेळगावात शिवजयंती तिथीने, म्हणजे वैशाखात होते आणि तिच्या चित्ररथांची मिरवणूक रात्रभर चालते. चोर्ला घाट चढून ती बघायला जाणारे आपल्या गोव्यात काही कमी नाहीत. मीही त्यांतलाच. काही वर्षांमागे मिरवणूक सुरू होण्याआधी एका गल्लीत शिरलो, तर ओट्यावर पाच-सहा पोरे ओळीने बसलेली. शंकराच्या भूतगणांचा देखावा होता. कॉलेजातला एक मुलगा मोबाईलवरचे चित्र समोर ठेवून एकेकाच्या तोंडावर कवटी काढत होता. कवटी कसली, पांढऱ्या भिंतीवर कोळशाने मारलेल्या रेघा वाटत होत्या.

बाजूला निपाणीहून आलेले एक म्हातारे रंगभूषाकार दुसऱ्या देखाव्यातल्या सरदाराला मिशा चिकटवत होते. सगळे त्यांना मामा म्हणत. थोडा वेळ बघून ते म्हणाले, "पोरा, हाड काढायला जाऊ नकोस. खड्डं तेवढं काढ. हाड आपोआप दिसतंय बघ."

एवढ्या एका वाक्यात सारी विद्या आली. मामांनी एका पोराचा चेहरा हातात घेतला आणि आधी डोळे मिटून तो बोटांनी चाचपला. डोळ्याची खोबण नुसत्या पापणीपुरती नसते; भुवईपासून गालाच्या हाडापर्यंत तिची कड बोटाला लागते. तिथवर काळे भरायचे, भुवईसकट. नाकाचे हाड वरच संपते, खालचे सगळे कूर्चा. म्हणून नाकाचे टोक काळे करायचे, उलट्या बदामाच्या आकारात. गालाच्या हाडाखालची पोकळी आणि कानशील करड्या रंगाने आत ढकलायचे. दात ओठांवर काढून थांबायचे नाही, दोन्ही बाजूंनी गालावर न्यायचे. कवटीला ओठ नसतात. पांढरे आधी, काळे नंतर, आणि शेवटी पावडर दाबून सगळे बसवायचे, नाहीतर घामाने तासाभरात ओघळ येतात. "आणि लांबनं बघ," मामा म्हणाले. "रथ वर असतोय, माणसं खाली. जवळनं सुंदर दिसून काय उपयोग?"

मग त्यांनी त्या मुलाची रंगाची डबी उचलून वास घेतला आणि त्यांचा चेहराच बदलला. मुलाने लाकडाला लावायचा तेलरंग आणला होता. एका लहान पोराचे गाल आधीच लाल होऊन चुरचुरत होते. मामांनी खोबरेल मागवले, पोराचा चेहरा पुसून काढला आणि आपल्या पेटीतले झिंक पुढे केले. तो मुलगा खाली मान घालून उभा राहिला. मामा रागावले नाहीत, पण हळूच म्हणाले, "आमच्या आधीच्या लोकांनी तोंडाला काय काय लावलं, तुला ठाऊक न्हाई."

खरेच आहे. आज जस्ताचा सफेदा वापरतात, पण पूर्वी सफेदा म्हणजे शिशाचा क्षार. शेंदूरही शिशाचाच. कथकळीतला पारंपरिक पिवळा रंग हरताळाचा, त्यात सोमल. लाल हिंगुळाचा, त्यात पारा. देवादानवांचे रंग नटांनी असे कातडीवर सोसले आहेत.

परतीच्या वाटेवर मला वेगळाच प्रश्न सतावत होता. कवटी आपल्या परंपरेत तोंडावर कधी होती का? भवभूतीच्या 'मालतीमाधवा'त कापालिक आहेत, स्मशान आहे. महेंद्रवर्म्याच्या 'मत्तविलासा'त कापालिकाचे कवटीचे भिक्षापात्र हरवते आणि त्यावरून सारे प्रहसन घडते. पण ही कवटी हातात असते, नाहीतर गळ्यात. अंगावर असते ती राख. भरताच्या नाट्यशास्त्रात भयानक रसाचा रंग काळा, रौद्राचा लाल, आणि राक्षस-पिशाच्चे काळी रंगवावीत असे म्हटले आहे. भीती आपण हाडांतून नव्हे, रंगातून आणि डोळ्यांतून दाखवली. आपला भयंकर चेहरा मेलेल्याचा नाही, अति जिवंत माणसाचा आहे.

मराठी रंगभूमीचा जन्मच या चेहऱ्याबरोबर झाला. 1842 मध्ये कर्कीची भागवत मंडळी सांगलीला आली आणि त्यांचा यक्षगानी खेळ चिंतामणराव पटवर्धनांनी पाहिला. त्यांच्या सांगण्यावरून विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये 'सीतास्वयंवर' केले. कानडी किनाऱ्यावरच्या यक्षगानात राक्षसाच्या तोंडावर तांदूळ आणि चुन्याच्या लेपाचे ठिपके उठवून अक्षरशः दुसरा चेहरा उभा करतात. आपल्याकडे तेवढे कसब आले नाही, पण राक्षस आला. मशालीवर राळ उडायची, भपकन उजेड व्हायचा आणि 'अलल डुर्र' करत राक्षस घुसायचा. त्या हलत्या उजेडात चेहऱ्यावरचे रंगही हलत असतील.

गंमत अशी, की त्याच 1843 साली बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले. बेळगावातच 1866 मध्ये त्यांनी भरतशास्त्रोत्तेजक मंडळी काढली. 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात 'शाकुंतल' झाले, 1882 मध्ये 'सौभद्र' आले, आणि प्रेक्षकांचे कान असे तृप्त झाले की राक्षसाची गरजच उरली नाही. 'सौभद्रा'त घटोत्कच आहे, पण तो सुभद्रेला उचलून आणण्याच्या कामापुरता. 'अलल डुर्र' ही पुढे टिंगल झाली. शहाण्यासुरत्या नाटकाला भडक चेहऱ्याची लाज वाटू लागली.

यात अण्णासाहेबांना बोल लावायचा नाही. त्यांनी जे दिले ते अमोल आहे. पण एक दार उघडताना दुसरे बंद झाले, हेही खरे. ते बंद झाले शहरात; आपल्या काल्यात नाही. देवळासमोरच्या काल्यात संकासुर आजही काळा बुरखा घालून, तांबडी जीभ लोंबवत येतो आणि मांडीवरचे पोर आईला बिलगते. दशावतारी नट आजही पेटारा उघडून, आरसा समोर धरून आपला चेहरा आपणच रंगवतो.

शहरातल्या त्या रिकाम्या जागेवर आता कवटी येऊन बसली आहे. ती आली दूरवरून. मेक्सिकोत होसे ग्वादालुपे पोसादा (1852–1913) या चित्रकाराने फुलांच्या टोपीतली नटवी कवटी काढली, ती श्रीमंतीचा तोरा मिरवणाऱ्यांना चिमटा म्हणून. 2015 मधल्या 'स्पेक्टर' या बाँडपटात मेक्सिको शहरात कवट्यांची भव्य मिरवणूक दाखवली. तशी मिरवणूक तिथे तोवर निघत नव्हती. चित्रपट पाहून 2016 पासून निघू लागली! तेव्हा बेळगावच्या पोराने मोबाईलवरून कवटी उचलली म्हणून नाक मुरडण्यात अर्थ नाही. सांगलीनेही राक्षस कर्कीहूनच आणला होता.

फरक एवढाच, की कवटी कुणाच्याही तोंडावर सारखीच दिसते. आत माणूस कोण आहे याची तिला पर्वा नाही. राक्षसाला मात्र नट लागतो. डोळे गरगरा फिरवणारा, आरोळीने सभामंडप हलवणारा. चेहरा चाचपून रंगवणारे मामांसारखे हात गेले, की उरतील त्या नुसत्या रेघा.

म्हणून पुढच्या वेळी काल्याला जाल तेव्हा तासभर आधी जा. पेटारे उघडतात तिथे कोपऱ्यात गुपचूप बसा. आणि बरोबर घरातले एखादे पोर न्या.