भोंगा वाजला नाही तर

भवानी पेठेतल्या टॉवेल-चादरींच्या एका कारखान्यात मी काही वर्षं कॉम्प्युटरचं काम पाहत होतो. यंत्रमाग कामगारांचा आठवड्याचा पगार तिथल्या एसक्यूएल सर्व्हरवरच्या आकड्यांवरून निघे. रोज रात्री अकराला बॅकअप घेणारा जॉब मी लावला होता. जॉब फसला तर मला मेल यावा, अशी सोयही केली होती. टेस्ट मेल पाठवून पाहिला, तो लगेच आला. मी निर्धास्त झालो.

पुढे एके दिवशी सर्व्हरची डिस्क गेली. बॅकअप शोधला तर शेवटची फाइल एकोणीस दिवसांपूर्वीची. बॅकअप जिथे साठत होता तिथली जागा भरली होती. त्यामुळे जॉब रोज फसत होता आणि मेल एकही आला नव्हता. दोन दिवसांवर पगार होता.

चूक माझीच होती. ती समजायला थोडं मागे जावं लागतं.

रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर पहिला ईमेल पाठवला. माणसांच्या पत्रांसाठी निघालेली ही वाट यंत्रांनीही लवकरच धरली. ठरल्या वेळी कामं उरकणारा युनिक्समधला 'क्रॉन' घ्या. पॉल व्हिक्सी यांनी १९८७ मध्ये लिहिलेला क्रॉन कामातून काही मजकूर बाहेर पडला तरच मालकाला मेल करतो. युनिक्सची शिस्तच अशी, की काम नीट झालं तर बोलायचं नाही. गप्प म्हणजे सगळं ठीक.

मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये आधी 'एसक्यूएल मेल' होता. त्यासाठी सर्व्हरवर आउटलुकसारखा प्रोग्राम बसवावा लागे. २००५च्या आवृत्तीत 'डेटाबेस मेल' आला. तो थेट एसएमटीपीने टपाल पाठवतो, तेही वेगळ्या प्रोसेसमधून, म्हणजे मेल अडला तरी डेटाबेस अडत नाही. पण जॉब चालवतो तो 'एजंट', आणि तो वेगळा. कोणतं मेल प्रोफाइल वापरायचं हे एजंटच्या सेटिंगमध्ये स्वतंत्रपणे सांगावं लागतं आणि मग एजंट पुन्हा सुरू करावा लागतो. टेस्ट मेल या वाटेने जातच नाही. मी पोस्टमनची परीक्षा घेतली होती. पत्र लिहिणाऱ्याच्या हाती कागदच नव्हता, हे नव्या सर्व्हरवर तीच मांडणी पुन्हा केली तेव्हा कळलं.

पगार झाला तो दिवाणजींच्या वहीमुळे. कोणी किती टॉवेल विणले हे ते रोज संध्याकाळी हाताने उतरवून ठेवत. आम्ही दोघांनी रात्रभर बसून एकोणीस दिवसांचे आकडे पुन्हा भरले. पहाटे चहा घेताना मी त्यांना म्हणालो, "मेल आला नाही, म्हणून मला वाटलं सगळं बरं चाललंय."

ते म्हणाले, "आमच्या लहानपणी भोंगा वाजला नाही, तर मिल नीट चाललीये असं कुणी म्हणत नव्हतं, साहेब."

सोलापूरची जुनी मिल १८७७ची. पुढे आणखी मिल उभ्या राहिल्या आणि गावाचं घड्याळ भोंग्यावर चालू लागलं. भोंगा रोज वाजायचा, म्हणून त्याचं न वाजणं कळायचं. १९४९ मध्ये जुनी मिल बंद पडली, तर जानेवारी १९५०मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढून तिचा कारभार हाती घेतला आणि एका भागधारकाचं त्याविरुद्धचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. मिल थांबल्याची खबर दिल्लीपर्यंत पोचली. माझा जॉब एकोणीस रात्री फसला, त्याची खबर माझ्या खिशातल्या मोबाइललाही नव्हती.

तेव्हापासून दोन गोष्टी करतो. जॉब लावला की एक खोटा जॉब मुद्दाम फसवतो. त्याचा मेल हाती पडेपर्यंत उठत नाही. आणि बॅकअप यशस्वी झाल्याचाही मेल रोज मागवतो. सहकारी म्हणतात, रोज तोच मेल कोण वाचणार? मी वाचत नाहीच. सकाळी तो आलाय एवढंच पाहतो. ज्या सकाळी आला नाही, त्या सकाळी चहा बाजूला ठेवून आधी सर्व्हर बघतो.

दिवाणजींना मात्र मी वही बंद करायला सांगितलेलं नाही.